वैद्याचा रविवार

रविवारी चिकित्सालय बंद असते. तथापि त्यामुळे वैद्याचा दिवस रिकामा होतो असे नाही. आमच्या घरी शनिवारी सायंकाळी तेलाची कढई शेगडीवर चढते आणि रविवारी दुपारी पाक उतरतो, असा क्रम गेली अठरा वर्षे चालत आला आहे. स्वतःच्या रुग्णांपुरते चार-पाच लिटर तेल सिद्ध करावे, एवढाच हा व्याप. घृत, तैल आणि गूळ यांचे पाक एकाच दिवसात उरकू नयेत, रात्र मध्ये गेल्यास गुण वाढतो, हे शारंगधरांचे सांगणे माझ्या सुट्टीच्या वेळापत्रकास सोयीचे पडले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

पौषातील गेल्या एका रविवारचेच वर्णन करतो. पहाटे नळाला पाणी आले. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्यास या एका वाक्यातील सुख वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जायकवाडीसारखे विशाल धरण पन्नास-साठ किलोमीटरवर असूनही कित्येक दिवसांच्या अंतराने येणारे पाणी हा येथील वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. रिकाम्या हौदात पडणाऱ्या पहिल्या धारेचा आवाज, अंगणातील तापून वाळलेल्या फरशीवर पाणी शिंपडताच उठणारा वास आणि त्यानंतर कोमट तीळतेलाचा अभ्यंग. हेमंतात स्नेह आणि उष्णोदक ही दोन्ही शास्त्रविहित आहेत; आमच्याकडे त्यातील उष्णोदक महापालिकेच्या कृपेवर अवलंबून असते, इतकेच.

स्नानोत्तर पाणचक्कीपर्यंत फेरी मारण्याची मला सवय आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली आणि या कोरड्या पठारावर नहरींनी पाणी खेळविले. पाणचक्कीस येणारे पाणीही दूरच्या डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेले. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील ही चक्की एके काळी फकीर व यात्रेकरूंसाठी धान्य दळीत असे. पाणी भरपूर असते तेव्हा उंच भिंतीवरून हौदात पडणाऱ्या धारेचे तुषार चेहऱ्यावर येतात आणि ओल्या दगडाचा गंध येतो. परतताना जुन्या वस्तीतून नानाच्या भट्टीचा वास आडवा येतो. नान-खलिया हे या शहराचे खास अन्न; तुघलकाच्या सैन्याबरोबर ते दौलताबादेस आले असे परंपरेने सांगतात. मी शाकाहारी असल्याने माझा संबंध केवळ वासापुरता. परंतु तो वास मला येतो, ही गोष्ट मी आता गृहीत धरीत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझी गंधसंवेदना संपूर्ण गेली. ज्वर पाच दिवसांत उतरला, कास तीन आठवड्यांत शमला; नाक मात्र मुके राहिले. त्या काळात ही तक्रार इतकी सार्वत्रिक होती की मी स्वतःही तिला फारसे महत्त्व दिले नाही. रुग्णांना ‘येईल हळूहळू’ असे सांगत होतो, तेच स्वतःला सांगितले.

पाक पुन्हा सुरू केला तो आषाढात. निर्गुंडीचे तेल होते. द्रव चौपट, कल्क चतुर्थांश, सर्व यथाशास्त्र. रविवारी दुपारी मी कढईजवळच बसलो होतो. कल्काची वात होत होती, अग्नीवर टाकता तडतडत नव्हता, फेस आला होता. मी समाधानाने आणखी थोडा वेळ आच ठेवली. तेवढ्यात आई जिन्यावरून ओरडली, “अरे, तेल लागलं की रे! तुला वास येत नाही का?” मला वास येत नव्हता. खालच्या मजल्यावर मी कढईपासून दोन हातांवर, आणि वरच्या मजल्यावरील पंचाहत्तरीच्या आईला दग्धपाक कळला. तळाशी कल्क काळा पडला होता. अख्खे तेल टाकून द्यावे लागले.

पैशांचे नुकसान फार नव्हते. मला हादरा बसला तो निराळ्याच विचाराने. मधल्या अडीच महिन्यांत मी चिकित्सालयात किती गोष्टी हुकविल्या असतील? रोगज्ञानाच्या उपायांत प्रत्यक्षाची मांडणी करताना चरकाचार्य रसनेंद्रिय वगळून इतर सर्व इंद्रियांनी रुग्णपरीक्षा करण्यास सांगतात. रस अनुमानाने जाणावा. गंध मात्र वैद्याने स्वतः घ्यावयाचा आहे. विमानस्थानातील हे प्रकरण आपण सर्वांनी परीक्षेपुरते पाठ केलेले असते. मधुमेही रुग्णाच्या पायाच्या व्रणाची पट्टी मी त्याच काळात सोडत असे. दुर्गंध आहे की नाही, हे त्याच्या पत्नीला विचारण्याची सुबुद्धी मला तेल जळाल्यानंतर झाली. तिने सांगितले, “दोन दिवसांपासून येतोय, डॉक्टर.” तिला वाटले होते की मला ते कळतच असेल. रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठविले, पाय वाचला.

पुढे जवळजवळ आठ महिने मी कढईजवळ एकटा बसलो नाही. आईसाठी स्टूल ठेवले आणि पाकपरीक्षा दोघांत वाटून घेतली. तिच्याकडे गंध, माझ्याकडे उरलेले सर्व. मनुष्य एका इंद्रियाला मुकला की इतरांकडे लक्ष देऊ लागतो, हे ऐकून होतो. पाक होत असताना कढईचा आवाज किती बदलतो, हे मला तेव्हा प्रथम नीट ऐकू आले. आरंभी जलांशाची जाड खदखद, मध्ये बारीक अखंड चुरचुर, आणि सिद्धीच्या सुमारास एकाएकी आलेली शांतता. बोटांत वळताना कल्क आधी चिकटतो, मग मेणासारखा वळतो, आणि क्षणभर उशीर झाला की भुरभुरतो. औषधनिर्माते बंधू म्हणतील की आज अपवर्तनांक आहे, आम्लमूल्य आहे. ती तपासणी हवीच, याविषयी माझे दुमत नाही. परंतु ते आकडे तेल थंड झाल्यावर मिळतात; मध्यम पाक कोणत्या क्षणी खर होतो आणि खर कोणत्या क्षणी दग्ध, हे शेगडीजवळ बसलेल्या माणसालाच ठरवावे लागते.

उपचार काय केले, असे अनेक सहव्यवसायी विचारतात. अणुतैलाचे प्रतिमर्श नस्य केले. त्याबरोबरच जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुम्मेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेले गंधप्रशिक्षणही केले. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, हे चार गंध दिवसातून दोनदा, लक्षपूर्वक हुंगणे, एवढीच ती पद्धत. चारही द्रव्ये आपल्या प्रत्येक दुकानात असतात. कशाने गुण आला हे मी सांगू शकत नाही. दोन्ही एकत्र केले होते, आणि पुष्कळांना काहीही न करता गुण येत होता. अणुतैलाने माझे नाक परत आणले असे लिहिण्याचा मोह होतो. पण तो आपण आवरावा असे मला वाटते. परत येतानाही गंध सरळ आला नाही. मधले काही महिने परतलेला कांदा कुजल्यासारखा लागे, आणि घरात फोडणी पडली की मी गच्चीवर जाऊन उभा राहत असे. २०२२ च्या माघात एका सकाळी डबा उघडताच लवंग लवंगेसारखी आली.

तर पौषातला तो रविवार. दुपारी निर्गुंडीतेल उतरविले. वास हिरवट-कडू होता तो हळूहळू गोडसर, खमंग झाला, आणि नेमक्या त्याच वेळी आईने व मी एकमेकांकडे पाहिले. गरम असतानाच कापडातून गाळले. आईने एक थेंब तळहातावर चोळून नाकाशी नेला आणि मान हलविली.

चार वाजता दौलताबादच्या वाटेवरील मित्राच्या शेतात हुरड्यास गेलो. गौऱ्यांची आगटी, राखेत खोचलेली गुळभेंडीची कणसे, तळहातावर चोळताना बसणारा चटका, फुंकरीबरोबर उडणारा कोंडा आणि हातावर उरलेले पोपटी, वाफाळते दाणे. सोबत तिळाची चटणी, गूळ, दही. नवधान्य गुरू हे खरे. परंतु याच ऋतूत अग्नी प्रबळ असतो म्हणून चरकाचार्यांनी हेमंतात नव्या तांदळाच्या भाताचीही मुभा दिली आहे, आणि मराठवाड्यातील वैद्याने तिचा विस्तार ज्वारीपर्यंत केला तर ते क्षम्य मानावे. दिनचर्येत निर्मल वस्त्र, सुगंध आणि पुष्पमाला यांना ज्यांनी आरोग्यासाठीच स्थान दिले, ते हुरड्यावर रागावतील असे वाटत नाही. मित्राने विचारले, “डॉक्टर, किती खायचा?” मी उत्तर दिले नाही, कारण तोंडात घास होता.

सायंकाळी घरी आलो तेव्हा कपड्यांना आगटीच्या धुराचा आणि जिन्यात तेलाचा वास होता. पुढच्या रविवारी बलातैल लावायचे आहे. बलामूळ शुक्रवारीच कुटून भिजत घालावे लागेल, आणि त्या आठवड्यात नळाला पाणी कधी येणार आहे, ते शेजारी विचारून ठेवले आहे.