शिक्का धुऊ नका

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक शाळकरी मुलगा टपाल तिकिटांची वही घेऊन आमच्यापाशी आला. एका जुन्या तिकिटावरील चेहऱ्यावर बोट ठेवून त्याने विचारले, "फादर, हा कोण? संत आहे का?"

तिकीट हंगेरीचे, १९१९ सालचे व ६० फिलेर किमतीचे होते. चेहरा होता इग्नात्स मार्टिनोविच याचा. हा संत खचित नव्हे. तथापि एके काळी तो फ्रान्सिस्कन मठवासी होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या विचारांनी भारून त्याने गुप्त कट रचला आणि १७९५ च्या मे महिन्यात बूडा येथे त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी ज्या सरकारने त्याला तिकिटावर मान दिला, त्याच सरकारने धर्मसंस्थांच्या शाळा आपल्या ताब्यात घेतल्या! एका मठवाशाला हा मान अशा हातून मिळावा, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची.

हे सरकार होते तरी किती दिवसांचे? पहिल्या महायुद्धात पराभव झाल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये हंगेरीत प्रजासत्ताक जाहीर झाले. २१ मार्च १९१९ रोजी त्याच्या जागी बेला कुन व त्याच्या सहकाऱ्यांचे सोव्हिएत प्रजासत्ताक आले आणि १ ऑगस्टला ते कोसळले. उणेपुरे १३३ दिवस! एवढ्या अवधीत, जून महिन्यात, त्याने पाच चेहऱ्यांची तिकिटे काढली. २० फिलेरवर मार्क्स, ४५ वर कवी पेतोफी, ६० वर मार्टिनोविच, ७५ वर १५१४ च्या शेतकरी बंडाचा पुढारी दोझा आणि ८० वर एंगल्स. पुढे जुलैच्या उत्तरार्धात शेतात कापणी करणाऱ्यांचे चित्र असलेल्या तिकिटांवर नव्या राज्याचे नाव छापण्यात आले.

या कापणीच्या चित्राची कहाणी मोठी बोधप्रद आहे. हे चित्र प्रथम १९१६ मध्ये, राजेशाहीच्या काळात, तिकिटावर आले. १९१८ मध्ये त्यावर 'प्रजासत्ताक' हा शब्द चढला, १९१९ मध्ये सोव्हिएत राज्याचे नाव चढले. ते राज्य गेल्यावर, जानेवारी १९२० मध्ये, उरलेल्या तिकिटांवर काळ्या शाईने गव्हाच्या ओंब्या छापून ते नाव झाकण्याचा यत्न झाला. भिंग घेऊन पाहावे, तो ओंब्यांच्या आडून जुनी अक्षरे अजूनही डोकावतात. राज्यकर्त्यांना वाटते, आपण कालचा दिवस पुसला. कागद मात्र सारे सांभाळून ठेवतो.

आता आमच्या बालमित्रांना एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. कोरे तिकीट म्हणजे सरकारने स्वतःविषयी केलेला दावा. तो कोणीही छापू शकतो. पोस्टाचा शिक्का ही त्या दाव्यावरची साक्ष होय. अमुक गावी, अमुक दिवशी कोणा माणसाने कोणा माणसाला खरोखर पत्र धाडले, हे शिक्का सांगतो. त्या काळच्या हंगेरियन शिक्क्यावर सालाचे तीनच आकडे असत. १९१९ ऐवजी '९१९'. चेहऱ्यांच्या तिकिटांना त्या राजवटीत अवघे सहासात आठवडे मिळाले. म्हणून त्या दिवसांचा खरा शिक्का असलेले अखंड पाकीट कोऱ्या तिकिटाहून कितीतरी मोलाचे. अर्थात मोल आले की लबाडीही येते. यास्तव गाव व तारीख ताडून पाहावी आणि शिक्क्याची रेघ तिकिटावरून पाकिटावर सलग उतरली आहे की नाही, हेही पाहावे.

हे शहाणपण आम्हांस उशिरा आले. सेमिनरीत असताना एका वृद्ध गुरुजनांनी आम्हांस असेच एक पाकीट दिले होते. आम्ही ते उत्साहाने पाण्यात भिजविले, तिकीट सोडवून वहीत डकविले आणि पाकीट केराच्या टोपलीत टाकले. तिकिटावर '९१९' एवढेच राहिले. गाव गेले, दिवस गेला, पाठविणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नावही गेले. त्या राजवटीत अनेकांचे प्राण गेले. ती पडल्यावर सूडापायीही अनेकांचे गेले. अशा दिवसांत कोणी कोणाला काय कळविले असेल? आईने मुलाला खुशाली विचारली असेल काय? ती वाट आम्ही आमच्या हातांनी बुजविली, याची रुखरुख आजही वाटते.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले, "बाळ, घरात जुनी पत्रे असतील, तर तिकिटाच्या लोभाने पाकीट फाडू नकोस. आधी आजीला विचार, हे पत्र कोणाचे?"

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. या वेळी हातात वही नव्हती. जुन्या पाकिटांचा एक जुडगा होता, आणि मागोमाग त्याची आजी काठी टेकीत येत होती.