ठिपके काय सांगतात?

खत वाढविले म्हणजे उत्पन्न वाढते, ही समजूत सर्वत्र आढळते. परंतु ते किती वाढते, कोणत्या शेतात वाढते व कोठवर वाढते, हे वहीतील आकड्यांच्या रांगा वाचून सहसा उमगत नाही. तेच आकडे चौकटींच्या कागदावर ठिपक्यांनी मांडले, तर पुष्कळ गोष्टी एका दृष्टिक्षेपात ध्यानी येतात. अशा मांडणीस विकीर्ण आकृती म्हणतात.

आकृती कशी काढावी

कागदावर एक आडवी व एक उभी रेघ काढावी. आडव्या रेघेवर एकरी नत्राची मात्रा आणि उभ्या रेघेवर एकरी धान्याचे उत्पन्न घ्यावे. प्रत्येक शेताचा एक ठिपका द्यावा. ठिपके उजवीकडे चढत गेले, तर दोन्ही गोष्टी बरोबरीने वाढतात. उतरत गेले, तर एक वाढता दुसरी घटते. सर्वत्र विखुरले, तर संबंध दिसत नाही. चढून पुढे ते आडवे झाले, तर तेथून अधिक घातलेले खत वाया जाते असे समजावे.

खत की पाणी?

समजा, एका गावातील रब्बी ज्वारीच्या ३० शेतांचे ठिपके चढते पडले. कार्यकर्त्याने तेवढ्यावरून सर्वांस दुप्पट खत घालण्याचा सल्ला दिला, तर कोरडवाहू शेतकऱ्याचा घात होईल. तेच ठिपके पुन्हा मांडावेत. ओलिताची शेते तांबड्या शाईने व कोरडवाहू निळ्या शाईने दाखवावीत. तांबडे ठिपके वर उजवीकडे आणि निळे खाली डावीकडे, जवळजवळ आडवे पसरलेले दिसले, तर उलगडा होतो. ज्याच्यापाशी विहीर आहे, तोच खतही अधिक घालतो. उत्पन्नातील बराचसा फरक पाण्याचा असतो. जमिनीत ओल नसता पिकास नत्र घेता येत नाही. कर्ज काढून आणलेले खत मातीत राहते आणि कर्ज मात्र डोक्यावर राहते. दोन गोष्टी बरोबरीने वाढल्या, एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

एकटा पडलेला ठिपका

समूहापासून दूर पडलेला ठिपका खोडू नये. त्या शेतावर जाऊन यावे. कदाचित गुंठ्यांचा आकडा चुकला असेल, खोडमाशी पडली असेल, किंवा जमीन उथळ असेल.

शेतांची निवड

केवळ रस्त्याकाठची व नावाजलेली शेते घेतली, तर आकृती फसविते. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात पीक-कापणीच्या पाहणीत शेते यादृच्छिक रीतीने निवडण्यावर भर दिला, तो याचसाठी. गावात हेच काम चिठ्ठ्या टाकून करता येते.

सुगी आटोपताच प्रत्येक शेताची मात्रा, उत्पन्न, ओलीत व जमिनीची खोली टिपून ठेवावी. पुढील हंगामाचे खत विकत घेण्यापूर्वी हे ठिपके शेतकरी बंधूंनी एकत्र बसून पाहावेत.