डब्यातलं सोल्यूशन दाट झालं तर

चिकटवण्यासाठी मराठीत जुने शब्द आहेत: डिंक, खळ, सरस. तिघांचंही पाण्याशी सख्य. डिंक पाण्यात भिजतो, खळ पिठाची पाण्यात शिजवलेली, आणि कातड्या-हाडांचा सरस दाटला की सुतार पाणी घालून तो मंद आचेवर पुन्हा पातळ करी. शब्दांबरोबर सवयही आली: दाट झालं की पाणी घाला, गरम करा. चपलांचे तळवे, फोम, सनमायका जोडायच्या पिवळसर ‘सोल्यूशन’ला मात्र ही सवय लावली, तर भडका उडू शकतो.

हे सोल्यूशन म्हणजे बहुधा निओप्रीन. १९३० साली अमेरिकेत तयार झालेलं हे कृत्रिम रबर टोल्युइन, हेक्झेन, इथाइल ॲसिटेट अशा द्रावकांच्या मिश्रणात विरघळवलेलं असतं. दोन्ही बाजूंना लावायचं, द्रावक उडेपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. उघड्या डब्यात हेच उडणं आपोआप चालू राहतं. धार जिल्ह्यातल्या कुक्षीत वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. तिथं चपला शिवणाऱ्याचा डबा उघडा राहिला, तर दाटायला कितीसा वेळ! पण त्यात रबर तेवढंच असतं. कमी होतो तो द्रावक.

म्हणून जो उडाला तोच परत घालायचा. डब्यावर कंपनीने सांगितलेला थिनर पहिला पर्याय. नाव वाचताना गल्लत नको: पांढरं फेव्हिकॉल पाण्यातलं आहे, तर फेव्हिकॉल एसआर ९९८ रबराचं. रबराच्या सोल्यूशनमध्ये पाणी घालू नये. रॉकेलचा तेलकट थर राहतो आणि जोड सुटतो. पेट्रोल तर नकोच. त्यात थोडं बेंझीनही असतं. रंगाचा कुठलाही थिनर चालेल असंही नाही. काहींनी सोल्यूशन फाटतं.

आधी लाकडी काडी बुडवून उचला. तार सुटली, तर सोल्यूशन वाचेल. जेलीसारख्या गुठळ्या झाल्या असतील, तर रबर आतल्या आत जुळून गेलंय; तिथं कुठलाच द्रावक कामाचा नाही. वाचणारं असेल, तर १०० ग्रॅमला एक चमचा, म्हणजे ५ मिली थिनर घाला, हळू ढवळा, झाकण लावून १०-१५ मिनिटं थांबा. गरज वाटली तरच दुसरा चमचा. जास्त घातलं की थर पातळ होतो, पकड जाते.

आता जिवाची गोष्ट. टोल्युइनची वाफ ४ अंशांनाच पेट घेण्याजोगी होते. म्हणजे कुक्षीत पौषातली पहाटही पुरेशी उबदार! ही वाफ हवेपेक्षा जड. जमिनीलगत सरपटत ती चार हात दूरच्या चुलीपर्यंत पोहोचते. म्हणून हे काम उघड्यावर, सावलीत करा. बिडी, शेगडी, दिवा जवळ नको, डबा तापवणं तर मुळीच नको.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. इस्तंबूलच्या डॉ. मुझफ्फर अक्सोय यांनी १९७० च्या दशकात दाखवलं, की बेंझीन असलेल्या गोंदाशी वर्षानुवर्षं काम करणाऱ्या चपला-बूट कामगारांना रक्ताचा कर्करोग होत होता. हेक्झेनने हातापायांच्या नसा बधिर होतात, हे जपान आणि इटलीतल्या अशाच कामगारांमुळे कळलं. डोकं दुखलं, गरगरलं, तर काम सोडून आधी मोकळ्या हवेत जा. या वासाचं व्यसनही लागतं, म्हणून डबा मुलांच्या हाती पडू देऊ नये.

डब्यातून उडालेलं कुठं जातं? त्यावर वाकून दिवसभर बसणाऱ्याच्या छातीत. म्हणून लागेल तेवढंच छोट्या झाकणाच्या डबीत काढावं आणि मोठा डबा लगेच घट्ट बंद करावा. पैसे वाचतात, श्वासही वाचतो. पातळ करायची वेळच न येऊ देणारं झाकण, हा सगळ्यात स्वस्त थिनर.