हातातून हाती जाणारे अक्षर: इस्तंबूलचे सुलेखन आणि आपली मोडी

एखाद्या डॉक्टराने आपल्या संघाच्या स्मरणिकेत अरबी लिपीच्या सुलेखनावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. डॉक्टर आणि सुंदर अक्षर यांचे नाते समाजाने विनोदापुरतेच मान्य केले आहे. विनोद बाजूला ठेवला, तरी औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेला २०१६ साली नियमात दुरुस्ती करून सांगावे लागले, ही वस्तुस्थिती आहे. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय अक्षराचे सौंदर्य एवढाच नाही. हातात उतरणारी विद्या कशी टिकते आणि कशी लोपते, हा त्याचा खरा विषय आहे. अशी एक विद्या शिकण्यासाठी देशोदेशीची माणसे आजही इस्तंबूलची वाट धरतात. एक हौशी विद्यार्थी म्हणून मीही दोन वेळा तेथे जाऊन आलो. तेथे जे पाहिले, ते आपल्या पेडणे-डिचोलीच्या दृष्टीने मोलाचे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या परिसरातील खुणा

आमच्या इब्रामपूर गावाच्या नावातच इब्राहिम हे नाव ऐकू येते. तिसवाडी बेट १५१० साली पोर्तुगीजांनी घेतले, तरी पेडणे आणि डिचोली हा उत्तरेकडील मुलूख पुढेही दीर्घकाळ विजापूरच्या आदिलशाहीत व नंतर सावंतवाडीकरांच्या अमलात होता. पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला तो १७८८ साली. त्यामुळे येथील दफ्तरावर फारसीची छाया पडली, यात आश्चर्य नाही. दफ्तर, कागद, कलम, दौत, शाई हे सारे शब्द त्या वाटेने आले. मुले अक्षर सुधारण्यासाठी ज्यावरून गिरवतात तो ‘कित्ता’ हा शब्दही अरबी आहे. सुलेखनाच्या परिभाषेत ‘कित्आ’ म्हणजे सुंदर अक्षरांत लिहिलेला सुटा पत्रा.

विजापूरला गेलेल्यांनी दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा (कारकीर्द १५८० ते १६२७) इब्राहिम रोजा पाहिलाच असेल. तेथे दगडाच्या जाळीत अक्षरेच कोरून आरपार मोकळी केली आहेत. आतून पाहिले म्हणजे उजेड जणू अक्षरांच्या रेषांमधून आत येतो. याच सुलतानाच्या पदरी इराणहून आलेला खलीलुल्ला हा नस्तालीक वळणाचा श्रेष्ठ लेखक होता. सुलतानाच्या ‘किताब-ए-नौरस’ची सुंदर प्रत लिहून दिल्याबद्दल त्याला ‘पादशाह-ए-कलम’, म्हणजे लेखणीचा बादशहा, हा किताब मिळाला. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी ही विद्या परदेशातून आपल्या दारी चालत आली होती. आज ती शिकायची तर आपल्याला चालत जावे लागते.

बोरूची विद्या

या कलेला ‘हुस्न-ए-खत’ म्हणतात आणि ती जाणणाऱ्याला ‘खत्तात’. तिला शास्त्राची बैठक दिली ती बगदादच्या इब्न मुक्ला याने. त्याचा मृत्यू इ. स. ९४० चा. बोरूचे टोक कागदावर तिरके टेकवून ओढले, की चौकटच्या आकाराचे एक टिंब उमटते. इब्न मुक्लाने हे टिंबच माप मानले. अलिफ किती टिंबे उंच, एखाद्या अक्षराचे पोट किती टिंबे रुंद, हे ठरले. ‘सुलुस’ या भारदस्त वळणात अलिफ सामान्यतः सात टिंबांचा धरतात. बोरू जाड घ्या वा बारीक, प्रमाण बदलत नाही. शरीररचनाशास्त्र शिकलेल्या माणसाला ही दृष्टी फार जवळची वाटते.

हा इब्न मुक्ला तीन खलिफांचा वजीर होता. राजकारणात त्याचा उजवा हात तोडण्यात आला. त्यानंतर मनगटाच्या उरल्या भागाला बोरू बांधून तो लिहीत राहिला, अशी परंपरागत कथा आहे. त्याच्यामागून इब्न अल-बव्वाब आणि याकूत अल-मुस्तासिमी यांनी हे शास्त्र पुढे नेले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस शेख हमदुल्ला यांच्यापासून इस्तंबूल हे या कलेचे माहेरघर बनले.

साधने साधी, पण प्रत्येकामागे मेहनत आहे. बोरू विशिष्ट कोनात छाटायचा, तोही हाडाच्या वा हस्तिदंताच्या लहानशा पट्टीवर ठेवून. काजळी आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक घोटून शाई करायची. दौतीत कच्च्या रेशमाचा बोळा ठेवायचा, म्हणजे बोरू बेताचीच शाई उचलतो. कागदाला अंड्याचा पांढरा बलक व तुरटी यांचा लेप देऊन तो अकीकाच्या दगडाने घोटायचा. इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीत तेलाच्या दिव्यांची काजळी हवेच्या झोताने एका दालनात गोळा व्हावी अशी योजना होती, आणि त्या काजळीची शाई होत असे.

तांबडी शाई आणि इजाजत

शिकवण्याची पद्धत शतकानुशतके जवळजवळ तीच आहे. पहिला धडा म्हणजे ‘हे काम सोपे कर, अवघड करू नकोस’ अशा आशयाची छोटी प्रार्थना. मग सुटी अक्षरे, नंतर जोडाक्षरांच्या जोड्या, त्यापुढे ओळी. गुरू समोर बसवून लिहून दाखवतात. विद्यार्थी ते घरी शेकडो वेळा गिरवतो आणि पुढच्या भेटीत आणतो. गुरू त्याखाली तांबड्या शाईने योग्य आकार काढून टिंबांनी माप दाखवतात. अक्षर साधेपर्यंत पुढचा धडा नाही. परंपरेने या विद्येसाठी शुल्क घेत नाहीत.

माझ्या पहिल्या मुक्कामातला बराच काळ बोरू छाटण्यात आणि दोन-तीन अक्षरांतच गेला. छापील पुस्तके मी आधी चाळली होती. परंतु बोरू कागदावर किती दाबायचा, वळणाच्या कोणत्या क्षणी तो बोटांत किंचित फिरवायचा, श्वास कोठे धरायचा, हे पुस्तकात नव्हते. ते गुरूंच्या मनगटाकडे पाहून कळे. शल्यक्रियेचे ग्रंथ मुखोद्गत असूनही पहिला टाका कोणाच्या तरी शेजारी उभे राहूनच घालावा लागतो, हे आपण सारे जाणतो.

वर्षानुवर्षांच्या सरावानंतर विद्यार्थी एखाद्या जुन्या आचार्याच्या लेखनाची प्रत करतो. ती पसंत पडली, तर गुरू तिच्याखाली स्वहस्ते ‘इजाजत’ लिहून देतात. तोपर्यंत विद्यार्थ्याने आपल्या लेखनाखाली सही करावयाची नसते. आपल्याकडे अंतर्वासिता पुरी होऊन वैद्यक परिषदेत कायम नोंदणी होईपर्यंत डॉक्टराला स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही, तसेच हे. सही हा तेथे जबाबदारी पेलण्याचा अधिकार आहे. प्रत्येक इजाजतीमागे गुरू, त्यांचे गुरू, अशी साखळी मागे मागे जात असते.

तुटता तुटता राहिलेली साखळी

ही साखळी एकदा तुटण्याच्या बेताला आली होती. १ नोव्हेंबर १९२८ रोजी तुर्कस्तानने कायद्याने अरबी लिपी सोडून रोमन लिपी स्वीकारली. सुलेखनकारांचे काम थोड्याच काळात ओसरले. पुढच्या पिढीला आजोबांची पत्रे वाचता येईनात. जुन्या परंपरेतले हामिद आयताच (१८९१ ते १९८२) यांच्यासारखे थोडे लोक छापखान्याची व नक्षीची कामे करीत लिहीत राहिले. त्यांच्याकडून हसन चेलेबी यांना १९७५ साली इजाजत मिळाली, आणि चेलेबींनी पुढे अनेक देशांतील विद्यार्थी घडवले.

कॅलिफोर्नियात जन्मलेले मोहम्मद झकारिया १९८४ साली चेलेबींकडे शिकू लागले आणि १९८८ साली त्यांनी इजाजत मिळवली. अमेरिकेच्या टपाल खात्याने २००१ साली काढलेल्या ईदच्या तिकिटावरील अक्षरे त्यांचीच. जपानचे कोइची होंडा यांनीही २००० साली चेलेबींकडून इजाजत घेतली. २०२१ साली तुर्कस्तानच्या या कलेची आणि सोळा देशांनी मिळून मांडलेल्या अरबी सुलेखनाची युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली.

आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट निराळीच आहे. पडत्या काळात या कलांना आधार देणाऱ्यांत एक डॉक्टर आणि एक औषधनिर्माता होते. डॉ. सुहेल उनवेर (१८९८ ते १९८६) यांनी इस्तंबूल विद्यापीठात १९३३ साली वैद्यकाच्या इतिहासाची संस्था उभारली, आणि त्याच जोडीने हस्तलिखितांच्या सोनेरी वेलबुट्टीची विद्या तरुणांना शिकवली. उगूर देरमान यांचे शिक्षण औषधनिर्माणशास्त्राचे. नेजमेद्दीन ओक्याय (१८८३ ते १९७६) या वयोवृद्ध गुरूंकडे शिकून त्यांनी १९६० साली इजाजत मिळवली आणि सुलेखनाच्या इतिहासाला आयुष्य वाहिले. दवाखाना किंवा औषधांचे दुकान सांभाळून रोज थोडा वेळ देणाऱ्या माणसांनी एक विद्या जगवली, असा याचा अर्थ.

मोडीचे काय?

इस्तंबूलहून परतताना माझ्या मनात आपली मोडी होती. मोडी ही देखील बोरूची आणि हाताची विद्या. आधी कागदभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग हात फारसा न उचलता अक्षरे त्यांना टांगत न्यायची. चिटणिशी, बिवलकरी अशी तिची वळणेही गुरुपरंपरेची. स्वातंत्र्योत्तर काळात ती शाळांतून गेली आणि छापील बाळबोध तेवढी राहिली.

आपल्या भागातील अनेक जुन्या घरांत आणि देवस्थानांत जमिनीचे, इनामाचे, मानपानाचे, देण्याघेण्याचे मोडी कागद आजही पेट्यांत आहेत. माझ्या एका वृद्ध रुग्णाला मोडी अस्खलित वाचता येई. पंचक्रोशीतील लोक फडक्यात बांधलेले कागद घेऊन त्यांच्या ओटीवर येत. ते वारले, तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकलेला एकही जण नव्हता. त्यानंतर एका कुटुंबाला सामाईक जमिनीच्या वादात आपलाच कागद वाचून घेण्यासाठी कित्येक महिने वाचक शोधावा लागला. कागद शाबूत होता. वाचणारा हात मात्र गेला होता.

सुदैवाने आपली साखळी अद्याप पुरती तुटलेली नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग भरत आले आहेत. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाल्याने संगणकावरही तिला जागा मिळाली. वाचनापुरती मोडी काही महिन्यांच्या नियमित सरावाने येते. त्यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही.

आपल्या संघाकडून काही गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. जाणकाराला बोलावून वर्षातून एक मोडी वर्ग भरवता येईल, आणि त्यात वाचनाबरोबर बोरूने लिहिणेही असावे, कारण लिहिणाऱ्या हाताला वाचणे लवकर साधते. घरोघरी जाणाऱ्या डॉक्टरांना जुने कागद कोणाकडे आहेत हे बहुधा ठाऊक असते. मालकांच्या संमतीने त्यांची स्वच्छ छायाचित्रे काढून ठेवता येतील. कागदांवर प्लास्टिकचे आवरण चिकटवू नये, त्यांना चिकटपट्टी लावू नये, ओल आणि वाळवी यांपासून ते दूर ठेवावेत, एवढे सांगितले तरी पुष्कळ वाचेल. ज्या वृद्धांना मोडी येते, त्यांच्याशेजारी एखाद्या नातवंडाला आठवड्यातून एक तास बसवावे.

रुग्णाच्या बाबतीत योग्य वेळेचे महत्त्व आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. विद्येलाही तशी वेळ असते. पेडणे आणि डिचोलीत मोडी वाचणारी जी थोडी वडीलधारी मंडळी आज आपल्यात आहेत, त्यांना उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांच्यापुढे कित्ता घेऊन बसणारे विद्यार्थी आपल्या घरांतूनच निघोत, ही प्रार्थना.