मोबाइलवरून कपडे घेताना

डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातलं, नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं गाव. लग्नाचा बस्ता बांधायला इथली कुटुंबं नांदेड गाठतात. रोजची कुर्ती, लेकरांचे कपडे, सणाची साडी मात्र आता मोबाइलवरूनही येते. दुकानात घडी मोडून दाखवतात, पोत बोटांना कळतो. मोबाइलवर ती पारख ऑर्डरच्या आधी करावी लागते, आणि ती नक्की करता येते.

माप कपड्याचं घ्या

'एल' किंवा 'एक्सएल'वर विसंबू नका. दर कंपनीचा एल वेगळा असतो. घरातली अंगाला नीट बसणारी कुर्ती पलंगावर सपाट पसरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा. 19 इंच भरलं तर दुप्पट करून छाती 38. खांदा, बाही, उंचीही अशीच मोजून वहीत लिहून ठेवा. मग ॲपवरचा मापांचा तक्ता उघडून आधी एकच गोष्ट बघा : दिलेलं माप अंगाचं आहे की कपड्याचं? अंगाचं असेल तर तक्त्यात आपली अंगाची मापं शोधावीत, वहीतली नव्हे. निम्मे घोळ इथेच होतात असं मला वाटतं.

साडीला साधारण साडेपाच मीटर लांबी आणि पाऊण-एक मीटर ब्लाऊज पीस हवा. ब्लाऊज पीस साडीला जोडलेला आहे की वेगळा, हेही वाचा.

'सिल्क' म्हणजे कोणतं?

'आर्ट सिल्क' म्हणजे कृत्रिम धागा, रेशीम नव्हे. 'सॉफ्ट सिल्क', 'सिल्क ब्लेंड' लिहिलं असेल तर खाली कापडाच्या रकान्यात पॉलिस्टर आहे का ते पाहा. सात-आठशेची 'पैठणी' यंत्रावरची असते. आवडली तर जरूर घ्या, पण येवल्याच्या हातमागाची समजून नको. हातमागाच्या पैठणीचा पदर उलट बाजूनेही जवळपास तसाच दिसतो. यंत्रावरच्या नक्षीमागे बहुधा सुटे किंवा कापलेले धागे असतात. म्हणून उलट्या बाजूचा फोटो शोधा. गिऱ्हाइकांनी घरच्या उजेडात काढलेले फोटो मॉडेलच्या फोटोंपेक्षा जास्त खरं सांगतात.

पार्सल आणि पैसे

ऑर्डर केली की घरात सांगून ठेवा. आपण शेतात असताना न मागवलेलं पार्सल येतं आणि म्हातारी माणसं बिचारी पैसे देऊन मोकळी होतात. पार्सल फोडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून सलग व्हिडिओ काढा. परतीची मुदत ऑर्डरआधीच वाचा. काही ठिकाणी स्वस्त किमतीत फक्त चुकीचा किंवा खराब माल परत घेतात.

रिफंडसाठी कुणी कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच सायबर हेल्पलाइन 1930 वर कळवा.

दाद कुठे मागायची

2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीतून बोला. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे विक्रेता सुरतेचा असो की दिल्लीचा, डोंगरकड्याच्या ग्राहकाला तक्रार हिंगोलीतच करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.