फोटोत चेहरा काळवंडतो, तो का?

परभणी (प्रतिनिधी) : परीक्षेचा अर्ज असो वा पासपोर्ट, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो हाती पडला की 'मी एवढा काळा आहे का?' हा प्रश्न स्टुडिओत हमखास ऐकू येतो. दोष कातडीचा नसतो. काही वाटा कॅमेऱ्याचा असतो, तर काही पाहणाऱ्याच्या डोळ्याचा.

डोळा प्रकाश मोजत नाही, शेजारच्या भागांतील प्रमाण जोखतो. परभणीच्या भर उन्हात, म्हणजे सुमारे एक लाख लक्स प्रकाशात, वर्तमानपत्र उघडून पाहावे. काळी शाई जेमतेम चार-पाच टक्के प्रकाश परत पाठवते. तरीही हे काळे अक्षर, तीनशे लक्स उजेडाच्या खोलीतील कोऱ्या कागदापेक्षा दहापटीहून अधिक प्रकाश डोळ्यात सोडते! पण अक्षर काळेच दिसते, कारण शाई व कागद यांतील प्रमाण ऊन-सावलीत बदलत नाही.

याच सवयीमुळे एकच करडा तुकडा काळ्या कागदावर उजळ, तर पांढऱ्यावर गडद भासतो. उजेड पडलेल्या पेशी शेजारच्या पेशींचा प्रतिसाद दाबतात, हे अमेरिकी शास्त्रज्ञ हार्टलाइन यांनी लिम्युलस या सागरी जीवाच्या डोळ्यावर दाखवले. डोळ्याच्या कार्यावरील संशोधनासाठी १९६७ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. मात्र सारा खेळ डोळ्यातच संपत नाही. एडवर्ड एडेलसन यांच्या १९९५ च्या प्रसिद्ध चित्रात बुद्धिबळाच्या पटावरील दोन घरे अगदी एकाच करड्या रंगाची आहेत; पण सावलीतले घर पांढरे वाटते. मेंदू सावली परस्पर वजा करतो.

कॅमेऱ्याला ही समज नाही. त्याचा प्रकाशमापक सारे दृश्य सरासरी करडे धरून चालतो. (सुमारे १८ टक्के प्रकाश परतवणारा करडा रंग आपल्याला काळ्या-पांढऱ्याच्या मधोमध वाटतो.) चौकटीत पांढरा पडदाच अधिक असला की तो प्रकाश कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. मग पांढरा पडदा डोळ्याला तो आणखी गडद भासवतो.

यावर संगणकात चेहरा गोरा करण्याचा उपाय सर्रास होतो. तो चुकीचा आहे. नाक व गाल यांतील उजेड-सावलीचा फरकच त्यात पुसला जातो आणि माणूस ओळखू येईनासा होतो. ओळखपत्रासाठी हे कसे चालेल? अजिंठ्याच्या चित्रकारांना हे मर्म ठाऊक होते. तेथील सावळ्या चेहऱ्यांच्या नाकावर, हनुवटीवर उजळ फटकारे आहेत. वर्ण सावळाच राहून सपाट भिंतीवर उठाव येतो. 'विष्णुधर्मोत्तर पुराणा'तील चित्रसूत्राने तर छायांकनाचे, म्हणजे 'वर्तने'चे, तीन प्रकार सांगितले आहेत.

स्टुडिओत करण्याजोगे सोपे आहे. प्रकाश चेहऱ्यावरून मोजावा, पडद्यावरून नव्हे. आणि एक दिवा बाजूने ठेवावा. झेरॉक्स काढताना यंत्रावरील फिकट छपाईचे बटण दाबायला सांगावे.