लाइट गेली की सोलर बंद का पडतं?

‘भर उन्हात लाइट गेली आणि सोलरही बंद पडलं, म्हणजे इन्व्हर्टर डुप्लिकेट दिला.’ पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, छतावरच्या ३ किलोवॅटच्या सोलर संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागलं आणि नांदगाव-मनमाडकडे ही तक्रारही ऐकू येऊ लागली. खरं सांगायचं तर लाइट गेल्यावर जो इन्व्हर्टर बंद पडतो तोच धड आहे. चालूच राहिला असता तर तक्रार करायला हवी होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे वितरित वीजनिर्मितीच्या जोडणीचे विनियम २०१३ पासून लागू आहेत. लाइनचा पुरवठा तुटल्यावर घरच्या संचाने दोन सेकंदांच्या आत लाइनमध्ये वीज सोडणं थांबवलंच पाहिजे, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. इन्व्हर्टर हे करतो की नाही, याची चाचणी आयएस १६१६९ या भारतीय मानकाने होते. विक्रेते मात्र ‘आता लोडशेडिंगचं टेन्शन नाही’ असं बिनदिक्कत सांगून मोकळे होतात.

कारण समजायला फार विज्ञान लागत नाही. डीपी ११ हजार व्होल्टची वीज उतरवून घरापर्यंत आणते, पण तिच्यातल्या ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. घराकडून २३० व्होल्ट आत गेले, तर पलीकडच्या तारांवर हजारो व्होल्ट चढतात आणि लाइन बंद आहे म्हणून खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो. यावर हुशार माणसं विचारतात, ‘माझा ३ किलोवॅटचा संच अख्ख्या गावाला कुठून वीज पुरवणार? तो दमून बंदच पडेल की!’ गावाचा सगळा भार जोडलेला असेल तर हे बरोबर आहे. पण दुरुस्तीच्या वेळी तारा जोडणारा जंपर सोडलेला असतो, फ्यूज काढलेले असतात आणि तुटलेल्या तुकड्यावर चार-दोन घरंच उरतात. तेवढ्यांना तुमचा संच सहज पुरतो, आणि नेमकं तेव्हाच तिथे कुणाचा तरी हात तारेवर असतो. दुसरा आक्षेप असतो जुन्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरचा: तो लाइट गेल्यावर चालतो, मग हा का नाही? तो चालतो कारण त्यातला रिले आधी घराला लाइनपासून तोडतो. सोलरचा साधा ग्रिडटाय इन्व्हर्टर लाइनच्या लहरीच्या मागेमागे चालतो. लहरच नाही, तर त्याने चालायचं कशाच्या आधारावर?

मग जुगाड सुरू होतो. बॅटरीच्या इन्व्हर्टरची वीज दाखवून सोलरला ‘लाइट आली’ असं फसवायचं. यात वापरून उरलेल्या विजेला जायला जागा राहत नाही. ती उलटी बॅटरीच्या इन्व्हर्टरमध्ये घुसते आणि तो जळू शकतो. लाइट गेल्यावरही दिवे-पंखे हवेच असतील, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी. तो आधी घर लाइनपासून तोडतो आणि मग ठरावीक सर्किटलाच वीज देतो, म्हणून नियमात बसतो. खर्च बराच वाढतो, बॅटरीला अनुदान नाही. पण हे दुकानातच सांगायला हवं होतं. लाइट असतानाही दुपारी संच मधूनच थांबत असेल, तर व्होल्टेज पाहावं. २३० च्या ११० टक्के, म्हणजे २५३ व्होल्टच्या वर गेलं की त्याने सुटणं हाही नियमच आहे. अशा वेळी सेटिंग वाढवून घेणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणं. आधी घरापासून मीटरपर्यंतची बारीक केबल तपासावी, मग महावितरणकडे अर्ज द्यावा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. पॅनेलला ऊन लागतं, उष्णता नाही. पॅनेल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का उत्पादन घटतं, म्हणून मे महिन्याच्या आकड्यांनी निराश होऊ नये. पॅनेलकडची डीसी वीज ‘बॅटरीसारखी, निरुपद्रवी’ नसते. ओळीने जोडलेली सहा पॅनेलं ३०० व्होल्टच्या आसपास जातात. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, डीसी येत नाही, म्हणून तिची ठिणगी विझत नाही आणि साधा एसीचा एमसीबी तिथे चालत नाही. लायटनिंग अरेस्टर वीज ओढून आणत नाही, पडलेली वीज जमिनीत नेतो. त्याचं अर्थिंग डीसी आणि एसीच्या अर्थिंगपेक्षा वेगळं हवं, एकाच खड्ड्यात तिन्ही तारा कोंबून पैसे वाचवू नयेत. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला २०२४ पासून तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही, पण माफी तेवढीच आहे. सुरक्षेचे नियम एका पॅनेललाही लागू आहेत. त्यातलाच एक सर्रास मोडला जातो: संच लाइनपासून तोडणारा, कुलूप लावता येणारा हाताचा स्विच वीज कर्मचाऱ्याला रात्री-अपरात्रीही तुमच्या परवानगीशिवाय गाठता आला पाहिजे. तो जिन्याखालच्या कुलूपबंद खोलीत बसवला असेल, तर बाहेर काढून घ्यावा.